मुदत नाकारली, तर दाद कुठवर?

फौजदारी खटल्यात न्यायाधीशांनी मुदतीचा, म्हणजे सुनावणी पुढे ढकलण्याचा (तहकुबीचा), अर्ज नामंजूर केला की दोन ठरलेल्या प्रतिक्रिया ऐकू येतात. बार रूममध्ये म्हटले जाते, ‘बचावाची संधीच हिरावून घेतली.’ कोर्टाबाहेर म्हटले जाते, ‘बरे झाले, एकदाची कोणीतरी तारीख द्यायला नकार दिला.’ वाद जुनाच आहे. पण 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांपुरती त्याला नवी धार आली. पूर्वी असल्या आदेशाविरुद्ध मुंबई गाठायची म्हणजे रात्रीचा प्रवास, मुक्काम आणि तिथल्या वकिलांची फी. बहुतेक पक्षकार आदेश गिळून पुढे जात. आता सकाळी आंबा किंवा फोंडा घाट चढून संध्याकाळी घरी परतता येते. लगेच एक बाजू भीती घालते की जो तो मुदत नाकारली म्हणून कोल्हापूरला धावेल आणि खटले तुंबतील. दुसरी बाजू आशा दाखवते की आता मुदत नाकारण्याची खालच्या न्यायाधीशांची हिंमतच होणार नाही. दोन्ही बाजू भलत्याच प्रश्नावर भांडत आहेत.

मुदत नाकारणारा आदेश उच्च न्यायालयाने तपासायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्या तपासणीत प्रश्न एकच असावा: या नकारामुळे पक्षकाराने नेमके काय गमावले आणि ते पुढे भरून निघण्यासारखे आहे का? न्यायाधीशांनी जरा उदार व्हायला हवे होते का, हा उच्च न्यायालयापुढचा प्रश्न नव्हे. आणि ही तपासणी शक्य व्हायची तर मुदत देतानाच नव्हे, नाकारतानाही कारणे कागदावर यायला हवीत. कारणाविना दिलेली मुदत आणि कारणाविना नाकारलेली मुदत, दोन्ही एकाच रोगाची लक्षणे आहेत.

आधी कायद्याचा मजकूर पाहू, कारण निम्मा वाद तो न वाचताच घातला जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 346, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 309, सांगते की साक्षीपुरावा एकदा सुरू झाला की हजर असलेले साक्षीदार संपेपर्यंत काम रोजच्या रोज चालावे. साक्षीदार हजर असताना त्यांना न तपासता तहकुबी द्यायची तर विशेष कारणे लेखी नोंदवावी लागतात. पक्षकाराने मागितलेली मुदत द्यायची तर परिस्थिती त्याच्या आवाक्याबाहेरची हवी. वकील दुसऱ्या कोर्टात अडकले आहेत, हे कारण कायद्यानेच बाद ठरवले आहे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा आहे आणि वकील गैरहजर किंवा तयारीविना आले आहेत, अशा वेळी न्यायालय सरतपासणी (साक्षीदार बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न) वा उलटतपासणी (विरुद्ध बाजूचे प्रश्न) वगळून पुढे जाऊ शकते. यातल्या पक्षकार आणि वकिलांविषयीच्या अटी 2008 च्या दुरुस्तीने आल्या. नव्या संहितेने आणखी एक गाठ मारली: परिस्थिती आवाक्याबाहेरची असली तरी दोनपेक्षा जास्त तहकुबी नाहीत, आणि त्याही समोरच्या बाजूचे ऐकून, लेखी कारणे देऊन. इथे एक बारकावा हमखास सुटतो. 1 जुलै 2024 ला नवी संहिता लागू झाली तेव्हा जे खटले आधीच चालू होते ते कलम 531 मुळे जुन्याच संहितेने चालतात; त्यांना दोनाची मर्यादा लागू होत नाही. अशा खटल्यात ‘दोन मुदती झाल्या, तिसरी नाही’ एवढ्याच कारणावर अर्ज फेटाळला गेला, तर तिथे न्यायाधीशांचा कडकपणा मुद्द्याचा नसतो. कायदाच चुकीचा लावलेला असतो. अशी चूक दुरुस्त करणारे कोणी वर असायला नको का?

आता समोरच्या बाजूचे बळ मान्य करू. कडक न्यायाधीशांच्या बाजूचा सर्वात मोठा मुद्दा साक्षीदाराचा आहे, आणि तो खरा आहे. विनोद कुमार विरुद्ध पंजाब राज्य या लाचेच्या खटल्यात एका साक्षीदाराची सरतपासणी सप्टेंबर 1999 मध्ये झाली आणि उलटतपासणी मे 2001 मध्ये. मधल्या वीस महिन्यांत साक्षीदार फिरला. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये या प्रकारावर कठोर शब्दांत नाराजी नोंदवली, ती योग्यच होती. सरतपासणी आणि उलटतपासणी यांच्यामध्ये पडलेला प्रत्येक आठवडा म्हणजे साक्षीदाराच्या दारात कोणीतरी जाऊन बसण्याची सोय.

कोकणात हा प्रश्न आणखी अवघड होतो. पंचनाम्यावर सही केलेला पंच गावातला असतो, पण प्रत्यक्ष पाहणारा बहुधा चाकरमानी असतो; तो गणपतीला किंवा शिमग्याला गावी आलेला असताना घटना घडलेली असते आणि समन्स निघते तेव्हा तो मुंबईच्या नोकरीवर असतो. मच्छीमार साक्षीदाराचे गणित वेगळे. यांत्रिक होड्यांना 1 जून ते 31 जुलै बंदी असते, म्हणून त्या दोन महिन्यांत खलाशी किनाऱ्यावर सापडतो. जुलैच्या तारखेला तो मालवणहून ओरोसला येऊन दिवसभर बाकावर बसला आणि संध्याकाळी ‘पुढची तारीख सप्टेंबर’ ऐकून परतला, तर सप्टेंबरमध्ये तो समुद्रावर असणार. बेलिफाचा शेरा येतो: ‘साक्षीदार मिळून आला नाही.’ पुढे वॉरंट. ज्याने गुन्हा पाहिला त्याच्याच नावाने वॉरंट निघते, आणि आपण विचारतो की लोक साक्षीला का येत नाहीत! हजर साक्षीदाराला माघारी न पाठवणारा न्यायाधीश कायदा पाळतो आणि माणुसकीही. बालकांच्या लैंगिक शोषणाच्या खटल्यांत तर मुलाला पुन्हा पुन्हा बोलावू नये, ही पॉक्सो कायद्याच्या कलम 33 चीच आज्ञा आहे.

दुसरा वजनदार मुद्दा अधिकाराच्या मर्यादेचा. मुदत देणारा किंवा नाकारणारा आदेश हा खटल्याच्या ओघातला, अंतर्वर्ती आदेश. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज, म्हणजे वरच्या कोर्टाने आदेश तपासावा असा अर्ज, चालत नाही; संहितेच्या कलम 438(2) ने, पूर्वीच्या 397(2) ने, तो दरवाजा मुद्दाम बंद केला, कारण प्रत्येक लहानसहान आदेशावर वर धाव घेऊन खटले वर्षानुवर्षे अडवले जात होते. इंग्लंडमध्येही हीच सावधगिरी आहे. तिथे क्राउन कोर्टातल्या ज्युरीपुढच्या खटल्याशी संबंधित बाबींना 1981 च्या सीनियर कोर्ट्स अॅक्टने न्यायालयीन पुनर्विलोकनातून वगळले आहे. मॅजिस्ट्रेट कोर्टाने मुदत नाकारल्यास हायकोर्टात जाता येते, पण पिक्टन खटल्यात 2006 मध्ये हायकोर्टाने सांगितले की अगदी स्पष्ट कारण असेल तरच हात घालू. खटला लवकर निघण्याची निकड किती, अडचण कोणाच्या चुकीने उद्भवली, आणि मुदत न मिळाल्यास आरोपीला आपली बाजू पूर्णपणे मांडता येईल की नाही, हे बघायचे. मग आपणच दार सताड का उघडावे?

सताड उघडा असे मी म्हणतच नाही. पण दार बंद ठेवणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद असा असतो: ‘शिक्षा झाली तर अपील आहे ना, तेव्हा सांगा.’ हा युक्तिवाद ऐकायला नीट वाटतो आणि कायद्यापुढे टिकत नाही. संहितेचे कलम 511, जुने 465, सांगते की प्रक्रियेतल्या चुकीमुळे न्यायच हुकला असेल तरच शिक्षा रद्द होईल; आणि न्याय हुकला का, हे ठरवताना तो आक्षेप आधीच्या टप्प्यावर घेता आला असता का आणि घ्यायला हवा होता का, हेही पाहायचे. म्हणजे आज आम्ही आरोपीला सांगायचे, ‘आता नको, अपिलात बघू’, आणि अपिलात विचारायचे, ‘तेव्हाच का नाही आलात?’ एकाच माणसाला दोन्ही दारांवरून परत पाठवणारी ही व्यवस्था कोणत्या तोंडाने न्याय्य म्हणायची?

शिवाय अपिलात दिलासा मिळाला तरी तो कसला असतो? मध्य प्रदेशातल्या खंडव्याचा खटला पाहा. जानेवारी 2013 च्या अखेरीस नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. संताप साहजिक होता. कायदेविषयक साहाय्यातून नेमलेला वकील ज्या दिवशी आरोपीसाठी उभा राहिला, त्याच दिवशी दोषारोप ठेवले गेले, आणि 4 मार्च 2013 ला फाशीची शिक्षा झाली. वेगाचे कौतुक झाले असणारच. डिसेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळे रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला, कारण वकिलाला कागद वाचायला आणि आरोपीशी बोलायला वेळच मिळाला नव्हता. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकणाऱ्या खटल्यात नेमलेल्या वकिलाला तयारीसाठी किमान सात दिवस मिळणे योग्य, असेही न्यायालयाने सांगितले. शेवटी 2024 मध्ये तो आरोपी निर्दोष सुटला. सात दिवस वाचवायला गेलो आणि अकरा वर्षे गेली: आरोपीची तुरुंगात, आणि त्या मुलीच्या आईवडिलांची कोर्टाच्या दारात. बचावाची संधी नावापुरती नको, खरी हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने बशीरा खटल्यात 1968 मध्येच सांगून ठेवले होते. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी खंडवा घडले, कारण त्या टप्प्यावर ‘थांबा’ म्हणणारे कोणी मध्ये आले नाही.

घाईची किंमत समजायला आपल्या रायगडचेच उदाहरण अधिक बोलके आहे. बॅरिस्टर अंतुले यांच्यावरचा भ्रष्टाचाराचा खटला लवकर निघावा म्हणून 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तो विशेष न्यायाधीशांकडून काढून थेट उच्च न्यायालयाकडे दिला. हेतू चांगला होता. पण 1952 च्या कायद्याप्रमाणे असा खटला विशेष न्यायाधीशांनीच चालवायचा होता, आणि उच्च न्यायालयात चालवल्याने आरोपीच्या अपिलाची एक पायरीही जात होती. 1988 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाला तो आदेश मागे घ्यावा लागला. मधली चार वर्षे वाया. वेगासाठी उचललेल्या पावलानेच एवढा उशीर केला. त्याच अंतुल्यांच्या 1991 च्या निकालात जलद खटला हा घटनेच्या अनुच्छेद 21 खालचा हक्क असल्याचे पुन्हा सांगितले गेले, आणि त्याच निकालाने खटल्याला सरसकट कालमर्यादा घालायला नकार दिला. 2002 मध्ये सात न्यायाधीशांनी त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केले. जलद खटल्याचा हक्क आरोपीचा आहे. तोच पुढे करून त्याची उलटतपासणी काढून घ्यायची, हा त्या निकालाचा उलटा अर्थ आहे.

‘मुदत दिली असती तरी निकाल तोच लागला असता,’ असेही म्हटले जाते. इथे सावरकरांचा खटला आठवावा. 8 जुलै 1910 ला मार्सेलिसच्या किनाऱ्यावर ते पुन्हा पकडले गेले. ती अटक फ्रान्सच्या भूमीवर झाली म्हणून फ्रान्स आणि ब्रिटन यांनी ऑक्टोबरमध्ये प्रश्न हेगच्या लवादाकडे नेण्याचा करार केला. मुंबईतला खटला मात्र थांबला नाही. डिसेंबरमध्ये जन्मठेप सुनावली गेली, आणि लवादाचा निर्णय आला 24 फेब्रुवारी 1911 ला. तो ब्रिटनच्या बाजूने लागला, म्हणून खटला चालू ठेवण्यात काही बिघडले नाही असे म्हणणारे आहेत. पण डिसेंबर 1910 मध्ये ते कोणाला ठाऊक होते? निर्णय उलटा लागला असता तर? मुदत नाकारण्याचा आदेश योग्य होता की नाही, हे तो दिला त्या दिवशी समोर काय होते त्यावरून ठरवायचे असते. अपिलात मात्र सगळे निकालाच्या चष्म्यातून पाहिले जाते: पुरावा भरभक्कम दिसतो, म्हणून न झालेली उलटतपासणी क्षुल्लक वाटते. ती झाली असती तर पुरावा तितकाच भक्कम राहिला असता का, हे मात्र कोणालाच कळत नाही. तपासणी वेळेत हवी ती यासाठी.

एवढे म्हटल्यावर वकील मंडळींच्या बाजूकडेही वळले पाहिजे, कारण तिथला युक्तिवादही तितकाच कच्चा आहे. प्रत्येक नकार म्हणजे अन्याय नव्हे. दिल्लीतल्या टॅक्सीतल्या बलात्काराच्या खटल्यात आरोपीने वकील बदलला आणि आधीच्या वकिलाने नीट उलटतपासणी केली नाही असे सांगून साक्षीदार परत बोलावण्याची परवानगी उच्च न्यायालयातून मिळवली. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ती रद्द केली. वकील बदलला एवढ्यावर पीडितेला पुन्हा पिंजऱ्यात उभे करता येणार नाही, हे सांगणे गरजेचेच होते. आपल्याकडे ‘साहेब आज कणकवलीला आहेत’ हे वाक्य कुडाळच्या कोर्टात आणि ‘कुडाळला आहेत’ हे कणकवलीच्या कोर्टात किती सहज टाकले जाते! सेशन खटले चालवणारे वकील तालुक्याच्या गावी मोजकेच असतात, ही अडचण खरी. पण तिचे उत्तर त्या दिवशी सकाळी दिलेला अर्ज हे नव्हे. केरळ राज्य विरुद्ध रशीद या 2018 च्या निकालात मार्ग दिला आहे: दोषारोप ठेवल्यावर लगेच खटल्याचे वेळापत्रक आखावे, कोणता साक्षीदार कोणत्या दिवशी हे ठरवावे, आणि एखाद्याची उलटतपासणी पुढे ढकलून हवी असेल तर ती मागणी शक्यतो वेळापत्रक आखण्यापूर्वीच करावी. वेळापत्रक ठरताना गप्प बसलेल्या वकिलाने नंतर उच्च न्यायालयात दाद मागितली, तर ती पहिल्याच तारखेला फेटाळावी. याउलट पावसाळ्यात घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, किंवा 22 जुलै 2021 सारखे चिपळूण पाण्याखाली गेले, तर पुरावा सगळ्या जगासमोर असतो. तिथे नकार देणारा आदेश एक दिवसही टिकता कामा नये, मग ती मुदत तिसरी का असेना. संहितेने दोनाची मर्यादा घातली तरी घटनेच्या अनुच्छेद 227 खालची उच्च न्यायालयाची खालच्या न्यायालयांवरची देखरेख साध्या कायद्याने काढून घेता येत नाही, हे एल. चंद्र कुमार निकालाने 1997 मध्येच स्पष्ट केले आहे.

या वादात सरकार पक्ष जणू नसतोच, हेही खटकते. मुदत सरकारी वकीलही मागतात: रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आलेला नसतो, तपास अधिकाऱ्याची बदली होऊन तो विदर्भात असतो, समन्सची बजावणी झालेली नसते. न्यायाधीशांनी वैतागून ‘फिर्यादी पक्षाचा पुरावा बंद’ असा आदेश केला की आरोपी सुटतो, आणि फिर्यादी बाई घरी बसून विचारत राहते की माझ्या माणसांची साक्ष घेतलीच का नाही. तेव्हा मुदत नाकारण्याविरुद्धची दाद ही आरोपीची चैन समजणे चूक आहे. पोलिसांच्या ढिलाईची शिक्षा पीडितेला होऊ नये म्हणूनही ती लागते.

उरते ती खरी भीती: स्थगितीची. उच्च न्यायालयाने नुसती नोटीस काढून खटल्याला स्थगिती दिली आणि याचिका फाइलमध्ये पडून राहिली, तर कडक न्यायाधीशांचे टीकाकार आणि खटला लांबवू पाहणारे आरोपी, दोघांचेही आयते साधते. यावर 2018 मध्ये एशियन रिसर्फेसिंग निकालाने उपाय केला की सहा महिन्यांनी स्थगिती आपोआप उठेल. पण असा सरसकट नियम योग्य नाही म्हणून 29 फेब्रुवारी 2024 ला घटनापीठाने तो रद्द केला. म्हणजे घड्याळावर सोडून चालत नाही, प्रत्येक वेळी न्यायाधीशांनाच बघावे लागते. या प्रकारच्या याचिकेत ते अवघडही नाही. संपूर्ण खटल्याचे रेकॉर्ड मागवायची गरज नसते. मागवले की तेवढ्यानेच खालचा खटला ठप्प होतो. मुदतीचा अर्ज, त्यावरचा आदेश, त्या दिवसाचा आणि आधीच्या दोन-तीन तारखांचा रोजनामा (कामकाजाची नोंद) आणि ज्याची उलटतपासणी राहिली त्या साक्षीदाराची सरतपासणी एवढे कागद पुरतात. खटला थांबवण्याऐवजी बाकीचे साक्षीदार पुढे चालू ठेवून फक्त त्या एका साक्षीदाराचा प्रश्न मोकळा ठेवता येतो. पहिल्या किंवा दुसऱ्या तारखेला हो किंवा नाही सांगता येते.

आणि बहुतेक वेळा कोल्हापूरपर्यंत जायचीही गरज पडू नये. ‘नो क्रॉस’ (उलटतपासणी नाही) आदेश झाला की त्याच आठवड्यात खालच्याच कोर्टात कलम 348 खाली, जुन्या 311 खाली, साक्षीदार परत बोलावण्याचा अर्ज द्यावा. त्यात कोणते प्रश्न विचारायचे राहिले हे ढोबळमानाने लिहावे आणि साक्षीदाराचा येण्याजाण्याचा खर्च व बुडालेली मजुरी भरायची तयारी दाखवावी. तहकुबीच्या अटींत खर्च भरायला लावण्याची तरतूद कायद्यातच आहे. अनेक प्रकरणे इथेच बिघडतात. मुदत तोंडी मागितलेली असते, अर्जच नसतो. अर्ज असतो, पण आजारपणाचा दाखला जोडलेला नसतो. साक्षीदार परत बोलावण्याचा अर्ज सहा महिन्यांनी, शेवटच्या युक्तिवादाच्या तोंडावर येतो, आणि मग तो वेळकाढूपणाच ठरतो. असा अर्ज वेळेत देऊनही फेटाळला गेला, तर अनुच्छेद 227 आणि संहितेचे कलम 528 (उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार) यांखाली वर जाणाऱ्या माणसाच्या हाती ठोस काही असते.

न्यायाधीशांकडूनही एक गोष्ट हवी, आणि ती खर्चाची नाही. मुदतीच्या अर्जाच्या कोपऱ्यात हाताने ‘नामंजूर’ एवढे लिहिलेला आदेश अनेकदा ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर चढतच नाही. तिथे ‘साक्षीपुरावा’ आणि पुढची तारीख एवढेच दिसते. सावंतवाडीच्या तुरुंगातल्या कच्च्या कैद्याला, ज्याचा वकील विधी सेवा प्राधिकरणाने दिलेला आहे, त्या दिवशी आपल्या खटल्यात काय गेले हे कळायचा दुसरा मार्ग नसतो. सही-शिक्क्याच्या नकलेचा अर्ज करा, ती मिळेपर्यंत थांबा, आणि तोवर आणखी तीन साक्षीदार होऊन जातात. म्हणून नकाराचा आदेश चार ओळींचा का होईना, टंकलिखित असावा: मुदत कशासाठी मागितली, आधी किती दिल्या, साक्षीदार कुठून आला होता, आणि मुदत न दिल्यास बचावाचे काय होईल याचा विचार केला की नाही. तो त्याच संध्याकाळी संकेतस्थळावर चढावा, आणि आरोपी कोठडीत असेल तर एक प्रत तुरुंग अधीक्षकांमार्फत त्याच्या हातात विनामूल्य पडावी.